थोरलीची पेरणी

आसेम्बो, १५ जानेवारी १९६७

उयोमाकरीण अवीतीला अलेगोकरीण केझियाचा सलाम.

मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहितेय, म्हणजे पत्र वाचून घ्यायला भावजयीपुढे धरायची वेळ तुझ्यावर येणार नाही. तुला वाचायला मी शिकवलंय. माझ्या शिकवण्यात खोट होती, असं त्या बाईला वाटायला नको.

अपोंदी मजेत आहे. शाळेत जाते, पाणी भरते आणि माझ्याशी वाद घालते. वाद घालताना अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करते. रात्री माझ्याजवळच निजते, तेव्हा लेकीची काळजी करू नकोस.

आता कामाचं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आपल्या म्हाताऱ्याचं आणि माझं देवळात लग्न लागणार आहे. हसू नकोस. ज्याच्यासाठी जन्मभर चूल फुंकली त्याच्याशी या वयात लग्न लावायचं म्हणजे मलाही कसंसंच होतं. पण बोटात अंगठी नसेल तर मातामंडळाच्या पुढच्या बाकावर बसता येत नाही आणि प्रभुभोजनही मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्याचा बाप्तिस्माही त्याच दिवशी. त्याचा खोकला वाढलाय. मेल्यावर मिशनची घंटा वाजावी, एवढीच इच्छा आहे म्हणतो. त्यासाठी रोज संध्याकाळी शेंबड्या पोरांबरोबर बसून प्रश्नोत्तरं पाठ करतो. काल मला म्हणाला, "केझिया, दहाच्या दहा आज्ञा येतात, पण ती व्यभिचाराचीच नेमकी विसरायला होते." मी म्हटलं, "तीच बरी विसरते तुला."

मेशाख पाद्रींची अट तुला माहीत आहेच. बाप्तिस्मा हवा तर बायको एकच. आता ते म्हणतात, आवारात दुसरीचं घरही उभं नको. तेव्हा लग्नाआधी तुझं घर पाडायचं आहे. जातं, मडकी आणि खाट येऊन घेऊन जा, नाहीतर भावाची गाडी पाठव.

जित्या बाईचं घर आपल्यात पाडत नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "केझियाबाई, तुम्ही मिशनच्या शाळेत शिकलेल्या. ही खुळं सोडा आता. थोरलीनं पेरल्याशिवाय धाकटीनं पेरायचं नाही, पेरलं तर धाकटीचं लेकरू झिजतं, हेही त्यातलंच." मी मान हलवली. शिकलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

तू आपणहून माहेरी गेलीस, असं मी त्यांना सांगितलंय. तसंच झालं ना? तुला कोणी जा म्हटलं नाही. मागल्या वर्षी पेरणी लांबली त्याला मी काय करणार, माझे गुडघे धरले होते. तुझी कणगी रिकामी झाली, तू धान्यासाठी भावाकडे गेलीस आणि तिथेच राहिलीस. यात कोणाचा दोष?

उत्तर पाठव. तुझ्या धाकट्या ओवीनोला दात आले का?

केझिया

आसेम्बो, १२ फेब्रुवारी

अवीती,

तुझं पत्र मिळालं. ओळी सगळ्या तिरक्या गेल्यात, पण एक अक्षर चुकलेलं नाही. घराबद्दल तू मला चांगलंच सुनावशील, अशी मी तयारी करून बसले होते. तू लिहिलंस, "थोरले, गुडघे कसे आहेत? माशाचं तेल पाठवते. रात्री चोळून घे. मग या वर्षी वेळेवर पेरशील." घराबद्दल एक शब्द नाही.

तेलही मिळालं. मासळीवालीनं आणून दिलं, बाटलीला केळीच्या पानाचं बूच लावलेलं. वास घरभर पसरला. म्हातारा दारातच थांबून म्हणाला, "उयोमाच आलं की घरात." मग गुरं बघून येतो म्हणून गेला तो बराच वेळ परतला नाही.

अपोंदी रोज रात्री तेल चोळते. आईनं पाठवलंय, वाया घालवायचं नाही, म्हणते. अंगठ्यानं दाबत विचारते, "इथे दुखतं का, थोरले आई? की इथे?" मी म्हणते, थोडं. मग ती आणखी जोर लावते. पोरीच्या हाताला गुण आहे, हे मात्र खरं.

मासळीवाली सांगत होती, भावजय तुझ्याकडून दळून घेते आणि पीठ स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवते. खरं का? तिला म्हणावं, ही बाई आमच्याकडे कशी राहत होती ते आसेम्बोत येऊन विचार.

लिहिणार नव्हते, पण लिहिते. पाद्री परवा आले होते. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "झकायो, एक बायको असताना दुसरी का केलीत?" म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी भाजी निवडत होते. मी मान वर केली नाही. शेवटी तो म्हणाला, "पुरुषाची जात, पाद्रीबुवा. मोह झाला." पाद्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तोही मान खाली घालून आमेन म्हणाला.

मोह कुणाला झाला होता, ते तुला आणि मला माहीत आहे. माझी कूस उजवत नव्हती आणि बायका पाणवठ्यावर माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मीच उयोमाला आले. तुझ्या आईच्या अंगणात बसून मासे खाल्ले, तुझे दंड चाचपून पाहिले, तुला ओझं घेऊन चालायला लावलं. तू लाजून हसलीस तेव्हा पुढचा तुटका दात दिसला आणि मला तू आवडलीस. घरी येऊन मी म्हाताऱ्याला म्हटलं, नवरीच्या बापाला द्यायला गाई बाहेर काढ. तो हात जोडून म्हणाला, "केझिया, मला एक झेपत नाही, दुसरी कुठे आणतेस?" गाई मी हाकलत नेल्या होत्या.

आणि अपोंदीचं दूध सुटल्यावर तू तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलंस. "ही तुझी," म्हणालीस आणि चुलीवर भाकरी करपत असल्यासारखी घाईघाईनं निघून गेलीस, रडू दिसू नये म्हणून.

हे मी पाद्रींना सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी मला विचारलंच नाही.

केझिया

आसेम्बो, ६ मार्च

अवीती,

काल देवळात आमच्या लग्नाची पहिली पुकार झाली. झकायो ओबुया आणि केझिया अकेयो यांच्या विवाहाला कोणाची हरकत असेल तर सांगावी, असं तीन रविवार विचारायचं असतं. मागून कोणीतरी म्हणालं, "हरकत आता काय घ्यायची, दोघांचे दात पडले." मंडळी हसली. मीही हसले.

मातामंडळानं मला आतापासूनच पुढच्या बाकावर बसवलं. पाद्रींचं तोंड पहिल्यांदाच नीट दिसलं. मागून आपल्याला नुसत्या बायकांच्या ओढण्या दिसायच्या. तू माझ्या शेजारी असायचीस आणि भजनात माझा सूर गेला की मांडीला चिमटा काढायचीस. काल माझा सूर सगळ्या भजनांत गेला. पुढच्या बाकावर कोणी चिमटा काढत नाही.

या बाकासाठी मी किती जळत होते, ते तुला कधी बोलले नाही. रात्री तुझ्या घरातून तुम्हा मायलेकरांचं हसणं ऐकू यायचं तेव्हाही जळायचे. मला वाटायचं, तुला सगळं मिळालं, मला निदान एक बाक तरी मिळू दे.

पाऊस आलाय. चांगला पडतोय. शेजारणी पहाटेपासून शेतात असतात. मी अजून पेरलेलं नाही. या वर्षी माझ्यासाठी थांबलेलं कोणी नाही, तरी हात उठत नाही. बियाण्याची कणसं चुलीवरून उतरवते, बघते आणि परत टांगते. पलीकडची नेरिया म्हातारी बांधावरून ओरडली, "काय गं, नवरी झालीस म्हणून नटून बसलीस की काय घरात?" मी म्हटलं, "गुडघे."

घर पाडायचं म्हाताऱ्यावर सोपवलंय. शनिवारी शिडी लावून तुझ्या छपरावर चढलेला दिसला. मला वाटलं, सुरुवात केली. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर गळत होतं तिथे नवीन गवत घातलेलं. मी म्हटलं, "अरे, पाडायचंय ना ते?"

"पाडायचंच आहे," तो म्हणाला. "पण तोवर भिजायला नको."

गुडघे बरे आहेत. तेल अजून अर्धी बाटली आहे.

केझिया

आसेम्बो, १३ मार्च

अवीती,

मासळीवाली आज आली होती. सुकट मोजून देता देता म्हणाली, ओवीनो हडकलाय. पोट तेवढं पुढे आलंय, पायांत जीव नाही, उभं केलं तर बसतो. आणि तू भावाच्या ओट्यावर बसून दिवसभर विचार करतेस, माझं कुठे चुकलं. तू तिच्याबरोबर मला निरोप दिलास, "थोरलीला विचार, नवऱ्याच्या घरून निघताना माझ्या हातून काही रीत मोडली का? तिला आठवत असेल. तिला सगळ्या रिती ठाऊक आहेत."

मी सुकट तशीच टाकून आत आले. मासळीवाली बाहेर हाका मारत होती.

तुझ्या हातून काही मोडलं नाही. माझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. मागल्या वर्षीही नाही आणि या वर्षीही नाही.

पाद्रींनी म्हाताऱ्याला पहिल्यांदा अट घातली तेव्हा तो म्हणाला होता, "मी कुठलीलाच जा म्हणणार नाही. त्यापेक्षा बाप्तिस्म्याशिवाय मरेन." मला त्याचा इतका राग आला. मला वाटलं, हा तिच्यासाठी माझी अंगठी घालवतोय. मग पाऊस आला आणि तू सकाळी कुदळ घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. "थोरले, आज?" मी म्हटलं, "उद्या बघू, गुडघा धरलाय." आधी ठरवून म्हटलं नव्हतं. पण तू मुकाट्यानं परत गेलीस आणि मला कळलं की मला काही करावंच लागणार नाही. नुसतं पेरायचं नाही, एवढंच.

तू रोज यायचीस. पाणी तापवून माझे पाय शेकायचीस. आणि तुला तो दिवस आठवत असेल, ज्या दिवशी पाऊस ओसरायला लागला होता. तू दारात बसून म्हणालीस, "पाद्री म्हणतात, तसलं काही नसतं. मीही बाप्तिस्मा घेतलाय. तू म्हणत असशील तर मी आधी पेरू का?" तुला फक्त माझ्या तोंडून हो हवं होतं. मी म्हटलं असतं, पेर बाई, माझी मोकळीक आहे, तर तू उड्या मारत गेली असतीस. मी म्हटलं, "लेकरू तुझं आहे. तूच ठरव."

तू ओवीनोकडे पाहिलंस आणि कुदळ माझ्या भिंतीला टेकवून ठेवलीस. ती अजून तिथेच आहे.

देवळात मी या रितीला खूळ म्हणाले आणि घरी येऊन त्याच रितीनं तुला घालवलं. मी पेरलं ते पाऊस गेल्यावर, नावाला. तुझ्या शेतात काही आलं नाही. माझ्याही नाही, पण माझी कणगी आदल्या वर्षीची भरलेली होती. तू मागितलं असतंस तर दिलं असतं, असं मी स्वतःला सांगायचे. आणि तू अंगणात असलीस की कणगीचं झाकण काढत नव्हते. तू ओवीनोला पाठीशी बांधून निघालीस तेव्हा म्हणालीस, "चार दिवसांत येते, अपोंदीला बघ." मी फाटकापर्यंत आले. तुझ्या डोक्यावरची टोपली सारखी करून दिली. मातामंडळातल्या बायका म्हणाल्या, बघ, देवानं वाट काढली. देवाचं नाव मी मधे येऊ दिलं.

अपोंदीनं आत्ताच येऊन विचारलं, पाय चोळायचे का. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "बरं वाटतंय मग?" मला तिच्याकडे बघवेना.

हे पत्र मी मासळीवालीकडे देणार आहे.

केझिया

आसेम्बो, २० मार्च

अवीती,

मागचं पत्र दिलं नाही. ती आली तेव्हा ते माझ्या ओटीत होतं आणि मी तिला म्हटलं, आज काही नाही. आता दोन्ही एकत्र पाठवतेय. आधी मागचं वाच. वाचून पुढचं वाचावंसं वाटलं नाही तर चुलीत घाल.

काल तिसरी पुकार होती. मी पुढच्या बाकावर होते. म्हातारा पुरुषांच्या बाजूला, नवा सदरा घालून. मेशाख पाद्रींनी कागद वाचला, कोणाची हरकत आहे का विचारलं आणि लगेच पान उलटलं. मी उभी राहिले. बायकांना वाटलं मला बाहेर जायचंय, त्यांनी पाय बाजूला घेतले.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

पाद्री हसले. "केझियाबाई, नवरीला हरकत घेता येत नाही."

"मग कोणाला येते? जिची हरकत असायला हवी, तिला मीच घालवलंय."

ते म्हणाले, आपण नंतर बोलू. मला माहीत होतं, नंतर मी बोलणार नाही. म्हणून तिथेच सांगितलं. म्हटलं, "दुसरी बायको यांनी केली नाही. मी आणली. आणि मागल्या वर्षी पाऊस आला तेव्हा मी पेरलं नाही. माझे गुडघे धड होते."

पुढे काही सांगावंच लागलं नाही. नेरिया म्हातारीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, "पदरी लेकरू असलेल्या बाईला तू वाट बघत ठेवलंस?" मी म्हटलं, "ठेवलं." ज्या बायकांनी मला पुढच्या बाकावर बसवलं होतं, त्यांतली एकही माझ्याकडे बघत नव्हती. पाद्रींच्या हातात कागद तसाच होता. त्यांनी भजन सांगितलं, पण आकडा चुकीचा सांगितला. लोक भलतंच भजन म्हणत राहिले.

प्रार्थना झाल्यावर ते मला झाडाखाली घेऊन गेले. मला वाटलं, रागावतील. ते बुटाच्या टोकानं माती उकरत होते. मग म्हणाले, "माझी आई तिसरी होती. दोघींचं पेरून होईपर्यंत कुदळ मांडीवर घेऊन दारात बसायची. मी तिच्याजवळ बसायचो. शिकायला गेलो आणि त्याला खूळ म्हणायला लागलो."

मी म्हटलं, "तुम्ही खूळ म्हटलं नसतंत तरी मी हेच केलं असतं. माझं माझ्यावरच राहू द्या."

ते म्हणाले, नियम त्यांनी केलेला नाही आणि त्यांना मोडता येणार नाही. एका पुरुषाला एकच बायको हे शास्त्र आहे आणि ते त्यांना मनापासून पटतं. आता अंगठी नाही, म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा नाही आणि मी मागच्या बाकावर. मी म्हटलं, बरोबर आहे. मग मी घराचं विचारलं.

"घराबद्दल मी काही बोललो नव्हतो, असं समजा," ते म्हणाले. आणि जाता जाता थांबून, "त्या लेकराला दवाखान्यात दाखवायला सांगा. मी चिठ्ठी देईन. तेवढं खूळ समजू नका."

चिठ्ठी सोबत आहे. ओवीनो भूक आणि आजार यांनी झिजलाय. त्याला दवाखाना हवा, दूध हवं. तुझ्या हातून काही मोडलेलं नाही, हे तू दहा वेळा वाच. मासळीवालीबरोबर माझ्या कणगीतली ज्वारी पाठवतेय, एक गोणी तुझ्यासाठी आणि एक भावजयीच्या तोंडावर मारायला.

घरी येताना म्हातारा माझ्या पुढे चालत होता. फाटकाशी येऊन म्हणाला, "म्हणजे ती प्रश्नोत्तरं आता पाठ करायची नाहीत?"

"नाही."

"आणि घंटा वाजणार नाही."

"नाही वाजणार. माझ्यामुळे."

त्याला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर म्हणाला, "अवीती रडेल ना माझ्यासाठी?"

"इथे असली तर रडेल."

"मग बोलाव तिला," तो म्हणाला आणि नवा सदरा काढून खुंटीला लावला.

मी तुला ये म्हणायला लाजतेय. मला क्षमा कर असंही लिहीत नाही, कारण तू लगेच करशील आणि मला ती झेपणार नाही. अपोंदीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तेलाची बाटली उचलून तुझ्या घरात नेऊन ठेवली. काल रात्री तीही तिकडेच निजली. माझ्याशी बोलत नाहीये. तिचा राग बरोबर आहे.

तू आलीस तर मला हवं ते बोल. नेरियासमोर बोल, पाणवठ्यावर बोल. नाही बोललीस तर मागच्या बाकावर माझ्या शेजारी बस आणि माझा सूर गेला की चिमटा काढ. आणि यायचं नसेल तरी घर तुझं आहे. छप्पर गळत नाही. कुदळ भिंतीला टेकवलेली आहे.

काल रात्री म्हातारा माझ्या घरी निजला, थोरलीच्या पेरणीआधीची रीत आहे तशी. आज उजाडायच्या आत मी कणसं उतरवली, बी हातानं सोलून घेतलं आणि शेतात गेले. कोणी सोबत नव्हतं. सगळं शेत पेरून झाल्यावर मी तुझ्या बांधावर जाऊन उभी राहिले. जमीन चांगली ओली आहे, अजून आठवडाभर ओल टिकेल.

अवीती, माझं पेरून झालं. आता तू पेर.

थोरली